शेकोटीपाशी ढळलेला खडक : संत पेत्र

जून महिन्याची २९ तारीख ख्रिस्ती जगतात संत पेत्र आणि संत पौल या दोन प्रेषितांच्या स्मरणाचा दिवस म्हणून पाळली जाते. गोमंतकात या सुमारास पावसाने चांगलाच जोर धरलेला असतो, दर्या खवळलेला असतो आणि मच्छीमारांची जाळी घराच्या आढ्याला टांगलेली असतात. तथापि या एका दिवशी कांदोळी, रायबंदर यांसारख्या गावांतील रहिवासी होड्या एकमेकींना बांधतात, त्यांवर मांडव उभारतात, तो झावळ्या-फुलांनी सजवितात आणि त्या तरंगत्या रंगमंचावरून गाणी व नाट्यप्रवेश सादर करीत मिरवणूक काढतात. यालाच सांगोड म्हणतात. आपल्याकडे नारळी पौर्णिमेला कोळी बांधव सागराला श्रीफळ अर्पण करतात, त्यामागील भाव आणि या सांगोडामागील भाव एकमेकांपासून फार दूर नाहीत. ज्यांचे पोट पाण्याशी बांधलेले आहे, त्यांना पाण्यावरच देव आठवतो.

या उत्सवाचा नायक संत पेत्र हा स्वतः जातिवंत कोळी होता. त्याच्या समाधीवर आज रोममध्ये भव्य मंदिर उभे आहे आणि कॅथलिक पंथाचे धर्मगुरू पोप स्वतःला त्याच्याच गादीचे वारस मानतात. एवढ्या मोठ्या पदाला पोहोचलेल्या या पुरुषाच्या चरित्रात एक रात्र अशी आहे की, ती आठवली म्हणजे मन विषण्ण होते. ज्या गुरूसाठी प्राण देण्याची प्रतिज्ञा त्याने केली होती, त्याच गुरूला त्याने त्याच रात्री, उजाडण्यापूर्वी, एकदा नव्हे तर तीनदा नाकारले. त्या रात्रीनंतर तो पुन्हा कसा उभा राहिला, याची ही कथा आहे.

सरोवरकाठचा कोळी

पॅलेस्टाइनच्या उत्तर भागात गालीलचे सरोवर आहे. नावाने समुद्र म्हटले तरी ते गोड्या पाण्याचे. त्याची लांबी सुमारे २१ किलोमीटर, रुंदी अधिकात अधिक १३ किलोमीटर आणि पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१० मीटर खाली. भोवतालच्या डोंगरांतून वारा अचानक खाली उतरतो आणि क्षणापूर्वी आरशासारखे दिसणारे पाणी खवळून उठते. १९८६ साली दुष्काळामुळे या सरोवराचे पाणी बरेच ओसरले, तेव्हा काठच्या चिखलात पहिल्या शतकाच्या सुमाराची एक लाकडी होडी सापडली. आठ मीटरांहून थोडी लांब आणि सव्वादोन मीटरांच्या आसपास रुंद अशी ती होडी पाहिली म्हणजे पेत्र कसल्या नावेत बसून रात्री-बेरात्री जाळे टाकीत असेल, याची कल्पना येते.

त्याचे मूळ नाव शिमोन. योनाचा हा पुत्र मूळचा बेथसैदा गावचा. पुढे तो कफर्णहूम येथे राहत असे. तो विवाहित होता, घरात सासूबाई होत्या, आंद्रिया नावाचा भाऊ होता आणि जब्दीचे पुत्र याकोब व योहान हे धंद्यातील भागीदार होते. कफर्णहूम येथे पाचव्या शतकातील एका अष्टकोनी चर्चच्या अवशेषांखाली १९६८ पासून झालेल्या उत्खननात पहिल्या शतकातील एका साध्या घराचे अवशेष मिळाले. परंपरा त्या घरालाच पेत्राचे घर मानते. थोडक्यात, हा संसारी, कष्टाळू, फटकळ आणि भोळा असा मनुष्य होता. त्याने शास्त्राध्ययन केलेले नव्हते आणि राजदरबार पाहिलेला नव्हता.

अशा या माणसाच्या नावेत एके दिवशी नासरेथचा येशू येऊन बसला व तेथून त्याने काठावरच्या लोकांना उपदेश केला. उपदेश संपल्यावर त्याने शिमोनाला खोल पाण्यात जाळे टाकावयास सांगितले. रात्रभर श्रम करून हाती काही लागले नव्हते. तरीही त्याने शब्द मानला आणि जाळे फाटू लागेल इतकी मासळी आली. या लाभाने हर्षित होण्याऐवजी शिमोन घाबरला. आपल्यासारख्या पापी माणसाजवळ या पवित्र पुरुषाने थांबू नये, अशी विनवणी करीत तो त्याच्या गुडघ्यांपाशी कोसळला. येशूने त्याला धीर दिला आणि यापुढे तो माणसे धरणारा होईल असे सांगितले. नावा किनाऱ्याला लागल्या आणि हे कोळी सर्व काही सोडून त्याच्यामागे निघाले.

खडक म्हणविलेला मनुष्य

येशूच्या बारा शिष्यांत शिमोन पहिला गणला गेला. गुरूने त्याला नवे नाव दिले, अरामी भाषेत केफा आणि ग्रीक भाषेत पेत्र. दोन्हींचा अर्थ एकच : खडक. परंतु या खडकाचा स्वभाव मात्र सरोवराच्या लाटेसारखा होता. क्षणात उंच उसळावे आणि क्षणात खाली यावे, अशी त्याची रीत.

एका वादळी रात्री येशू पाण्यावरून चालत येताना दिसला, तेव्हा नावेतून उतरून त्याच्याकडे जाण्याचे साहस एकट्या पेत्राने केले. दोन पावले तो चाललाही. परंतु वाऱ्याचा जोर पाहताच त्याचे चित्त गुरूवरून ढळले आणि तो बुडू लागला. गुरूनेच हात देऊन त्याला वर काढले. पुढे कैसरिया फिलिप्पीच्या परिसरात, आपण कोण आहोत असे येशूने शिष्यांना विचारले असता, तो ईश्वराने पाठविलेला ख्रिस्त आहे, अशी निःसंदिग्ध ग्वाही प्रथम पेत्रानेच दिली. परंतु त्याच प्रसंगी, आपल्याला दुःख भोगून मरावे लागणार आहे असे येशू सांगू लागताच पेत्राने त्याला बाजूला घेऊन उपदेश करण्यास प्रारंभ केला, आणि गुरूची अत्यंत कठोर फटकार त्याला ऐकावी लागली. भक्ती होती, परंतु दुःखावाचूनची भक्ती हवी होती. सिंहासनावर बसलेला गुरू त्याला समजत होता, क्रूसावरचा गुरू त्याला समजत नव्हता. त्याच्या पुढच्या पतनाचे बीज येथेच आहे.

ती रात्र

वल्हांडण सणाच्या सुमारास यरुशलेमात येशूने शिष्यांसह अखेरचे भोजन केले. भोजनप्रसंगी गुरूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. पेत्राने आधी पाय पुढे करण्याचे नाकारले, आणि मग नुसते पायच नव्हे तर हात व मस्तकही धुवावे असा हट्ट धरला. त्याच रात्री आपले शिष्य आपल्याला सोडून पांगतील असे येशूने सांगितले, तेव्हा बाकीचे सर्व ढळले तरी आपण ढळणार नाही, तुरुंगात जावे लागले वा मरावे लागले तरी मागे हटणार नाही, असे पेत्राने छातीठोकपणे जाहीर केले. कोंबडा आरवण्यापूर्वी तो आपल्याला तीन वेळा नाकारील, हे येशूने त्याला शांतपणे सांगून ठेवले. परंतु त्याबरोबरच आणखी एक गोष्ट सांगितली. पेत्राची श्रद्धा समूळ नाहीशी होऊ नये म्हणून आपण प्रार्थना केली आहे, आणि तो परत वळला म्हणजे त्याने आपल्या भावांना स्थिर करावे. पतन घडण्यापूर्वीच परतीची वाट गुरूने दाखवून ठेवली होती. त्या क्षणी पेत्राला ती ऐकू आली नसावी, कारण आपण पडूच शकत नाही या अभिमानात तो होता.

गेथशेमाने बागेत येशू व्याकूळ होऊन प्रार्थना करीत असता पेत्राला झोप आवरली नाही. शस्त्रधारी जमाव आला तेव्हा मात्र त्याने तरवार उपसून महायाजकाच्या मलख नावाच्या दासाचा कान कापला. गुरूने त्याला तरवार म्यानात घालावयास सांगितली. लढून मरण्याची त्याची तयारी होती. न लढता, अपमान सोशीत, गुरूच्या बाजूला नुसते उभे राहण्याची तयारी मात्र नव्हती. हे दुसरे धैर्य पहिल्याहून कितीतरी कठीण असते.

येशूला बांधून महायाजक कयफाच्या वाड्यात नेण्यात आले. बाकीचे शिष्य पळाले. पेत्र दुरून का होईना, मागोमाग गेला, हे त्याच्या प्रेमाचे द्योतक आहे आणि ते विसरता कामा नये. थंडी होती म्हणून नोकरांनी अंगणात कोळशांची शेकोटी पेटविली होती. पेत्र तेथे जाऊन शेकत बसला. एका दासीने ज्वाळेच्या उजेडात त्याचा चेहरा निरखून, हा त्या नासरेथकराबरोबर होता असे म्हटले. पेत्राने साफ इन्कार केला. थोड्या वेळाने पुन्हा तोच आरोप झाला, पुन्हा इन्कार झाला. तिसऱ्या वेळी त्याच्या गालीली बोलीवरून लोकांनी त्याला ओळखले. तेव्हा तो शपथा वाहून, स्वतःला शाप घेऊन, त्या मनुष्याला आपण ओळखतही नाही असे सांगू लागला.

त्याच क्षणी कोंबडा आरवला. लूकच्या शुभवर्तमानात असा एक हृदयद्रावक तपशील आहे की, त्या वेळी येशूने वळून पेत्राकडे पाहिले. त्या दृष्टीत काय होते, हे ग्रंथकाराने सांगितलेले नाही. तिच्यात नुसता तिरस्कार असता तर पेत्र पळून गेला असता. तो बाहेर जाऊन ओक्साबोक्शी रडला.

एका दासीच्या प्रश्नाने खडक फुटला. सेनापती नव्हे, न्यायाधीश नव्हे, शेकोटीपाशी काम करणारी एक मुलगी! मोठ्या संकटासाठी कंबर कसून बसलेली माणसे पुष्कळदा अशाच लहानशा दारी अडखळतात.

दोन अनुताप

त्याच रात्री आणखी एका शिष्याचे पतन झाले. यहूदा इस्कर्योत याने चांदीच्या ३० नाण्यांसाठी गुरूला शत्रूच्या स्वाधीन केले होते. त्यालाही पुढे पश्चात्ताप झाला. नाणी त्याने मंदिरात फेकून दिली, आपण निरपराध्याचा घात केला हे कबूल केले, आणि जाऊन गळफास घेतला.

अश्रू दोघांच्याही अंतरात होते. मग भेद कोठे पडला? यहूदाने आपल्या अपराधाकडे पाहिले आणि तेथेच त्याची दृष्टी खिळून राहिली. पेत्राने अपराधाबरोबरच आपल्याकडे वळलेली ती दृष्टीही पाहिली. एकाचा अनुताप निराशेत बुडाला, दुसऱ्याचा प्रेमाच्या दोराला धरून राहिला. आपल्या संतांनी अनुतापाला परमार्थाचे दार म्हटले आहे. परंतु दार उघडून आत जावयाचे असते, उंबरठ्यावर डोके आपटून प्राण द्यावयाचे नसतात, हे या दोन शिष्यांच्या कथेवरून ध्यानी येते.

येथे वाचकांना वाल्या कोळ्याची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. तोही पापाच्या गर्तेतून वर आला आणि महर्षी वाल्मीकी झाला. परंतु वाल्याची पापे नामाची दीक्षा मिळण्यापूर्वीची होती. पेत्राचे पाप दीक्षेनंतरचे होते. गुरूचा सहवास, त्याची कृपा, त्याचे वचन हे सारे लाभल्यावर तो ढळला. अज्ञानात घडलेल्या दोषाला मनुष्य स्वतःला क्षमा करू शकतो. जाणत्यापणी, व्रत घेतल्यानंतर घडलेल्या दोषाचे शल्य फार खोल जाते. म्हणूनच व्रत मोडलेल्या, श्रद्धा डळमळलेल्या भाविकाला पेत्राची कथा अधिक जवळची वाटते.

दुसरी शेकोटी

येशूला क्रूसावर चढविले, तेव्हा जवळ उभी होती ती त्याची माता, काही स्त्रिया आणि त्याचा एक लाडका शिष्य. पेत्राचे नाव तेथे कोठे येत नाही. तिसऱ्या दिवशी कबर रिकामी आढळली. मार्कच्या शुभवर्तमानानुसार कबरेपाशी स्त्रियांना जो दूत भेटला, त्याने हे वर्तमान शिष्यांना आणि पेत्राला कळवावयास सांगितले. सर्व शिष्यांचा उल्लेख झाल्यावर त्याचे नाव निराळे घेण्याचे कारण काय असावे? आपण आता शिष्यांत गणले जात नाही, असे ज्याला वाटत होते, त्याला नावानिशी बोलावणे धाडले गेले, असाच अर्थ भाविक पिढ्यान्‌पिढ्या लावीत आले आहेत.

पुढील प्रसंग योहानाच्या शुभवर्तमानाच्या अखेरच्या अध्यायात आहे. पेत्र आणि काही सोबती गालीलला परतले होते. आपण मासे धरावयास जातो असे पेत्र म्हणाला आणि बाकीचेही निघाले. जणू मधली वर्षे पुसून टाकून तो पुन्हा जुना शिमोन होऊ पाहत होता. रात्रभर काही मिळाले नाही. पहाटे काठावर एक पुरुष उभा दिसला. त्याने उजव्या बाजूस जाळे टाकावयास सांगितले आणि जाळे भरून आले. त्यांनी मोजले तेव्हा १५३ मोठे मासे भरले. हा प्रभूच आहे हे ओळखताच पेत्राने अंगरखा कमरेला बांधून पाण्यात उडी घेतली आणि नावेच्या आधी तो काठाला लागला.

काठावर कोळशांची शेकोटी पेटलेली होती, तिच्यावर मासे ठेवलेले होते आणि भाकर होती. कोळशांच्या शेकोटीसाठी योजलेला हा ग्रीक शब्द साऱ्या नव्या करारात दोनच ठिकाणी येतो : एकदा महायाजकाच्या अंगणात आणि एकदा येथे. ज्या जागी जखम झाली, त्या जागेची आठवण देऊनच वैद्याने ती उघडली. न्याहारी झाल्यावर येशूने पेत्राला तीन वेळा एकच प्रश्न विचारला : त्याचे आपल्यावर प्रेम आहे काय? तीन नकारांपुढे तीन प्रश्न. आता पेत्राच्या तोंडी इतरांहून आपण थोर असल्याची बढाई नव्हती. तिसऱ्यांदा प्रश्न आला तेव्हा त्याला वाईट वाटले, आणि तू सर्व जाणतोस, माझे प्रेमही जाणतोस, एवढ्याच आशयाचे तो बोलू शकला.

या संभाषणात त्या रात्रीचा उच्चार एकदाही नाही. जाब मागितला गेला नाही, दंड सांगितला गेला नाही. प्रत्येक उत्तरानंतर येशूने त्याला आपल्या मेंढरांचा सांभाळ करावयास सांगितले. क्षमा मिळाली ती कामाच्या रूपाने मिळाली. ज्याच्यावर विश्वास उरला नाही असे जगाने म्हटले असते, त्याच्याच हाती गुरूने सर्वांत मोलाची ठेव दिली. नुसते अपराध विसरणे ही अर्धी क्षमा होय. अपराध्यावर पुन्हा विश्वास टाकणे ही पूर्ण क्षमा होय. आणि याच वेळी, म्हातारपणी त्याला हात पसरावे लागतील व नको तेथे दुसरा कोणी त्याला नेईल, अशा शब्दांत त्याच्या मृत्यूचीही सूचना येशूने दिली. प्राण देण्याची जी प्रतिज्ञा त्याने अहंकाराने केली व मोडली होती, ती आता कृपेने पुरी होणार होती.

धैर्याचा नवा जन्म

त्यानंतर काही आठवड्यांतच पन्नासाव्या दिवसाच्या सणाला यरुशलेमच्या गर्दीपुढे उभे राहून पेत्राने येशूची उघड साक्ष दिली. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथानुसार त्या दिवशी सुमारे ३००० माणसे या मार्गात आली. मंदिराच्या सुंदर नावाच्या दारापाशी बसणारा एक जन्मपांगळा त्याच्या शब्दाने चालू लागला, तेव्हा त्याला व योहानाला धरून न्यायसभेपुढे उभे करण्यात आले. समोर कोण बसले होते? हन्ना आणि कयफा! ज्याच्या अंगणात दासीपुढे त्याची जीभ लटपटली, त्याच महायाजकासमोर आता तो निर्भयपणे बोलला. गप्प राहण्याची आज्ञा झाली, ती त्याने मानली नाही. पुढे फटके बसले, तेव्हा गुरूसाठी अपमान सोसण्यास आपण योग्य ठरलो याचा त्याला व सोबत्यांना आनंद झाला. हेरोद अग्रिप्पा राजाने याकोबाचा तरवारीने वध करविला आणि पेत्राला साखळदंडांनी बांधून तुरुंगात टाकले, त्या रात्री तो दोन शिपायांच्या मध्ये स्वस्थ झोपला होता. बागेतली झोप दुर्बळतेची होती, ही झोप निश्चिंततेची होती.

त्याच्या धैर्याची आणखी एक कसोटी लागली ती सोवळ्याओवळ्याच्या प्रश्नावर. यहुदी आचारानुसार परधर्मीयाच्या घरी जाऊन त्याच्या पंक्तीला बसणे निषिद्ध मानले जाई. योप्पा येथे शिमोन नावाच्या चांभाराच्या घरी उतरला असताना पेत्राला एक दृष्टान्त झाला आणि ईश्वराने शुद्ध केलेल्याला अशुद्ध मानू नये असा बोध त्याने घेतला. तो कैसरियाला कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरी गेला, त्याला व त्याच्या घरच्यांना त्याने बाप्तिस्मा दिला. जन्मभर पाळलेला आचार ओलांडण्यास लागणारे धैर्य काय असते, हे आपल्या घराघरांतून ज्यांनी अनुभवले आहे, त्यांना याचे मोल सांगावयास नको.

अंत्युखियातील ओशाळवाणा प्रसंग

परंतु एकदा क्षमा मिळाली म्हणजे मनुष्य कायमचा अढळ होतो, असे नाही. अंत्युखिया नगरात पेत्र परजातीय बंधूंबरोबर मोकळेपणाने जेवत असे. यरुशलेमहून काही कर्मठ मंडळी आली, तेव्हा लोक काय म्हणतील या भीतीने त्याने ती पंगत सोडली. त्याचे पाहून इतरही बाजूला झाले. तेव्हा वयाने व मानाने मागून आलेल्या पौलाने सर्वांदेखत त्याला दोष दिला. ही हकीकत पौलानेच गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात नमूद केली आहे.

जुनीच भीती, निराळ्या अंगणात. स्वभावाची मुळे इतक्या सहजासहजी तुटत नाहीत. तथापि या प्रसंगाने पेत्र कडवट झाला नाही, अशीच परंपरेची समजूत आहे. त्याच्या नावावर असलेल्या दुसऱ्या पत्रात पौलाचा उल्लेख प्रिय बंधू असा येतो. ते पत्र त्याच्या हातचे आहे की मागाहून कोणी लिहिले, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. परंतु आरंभीच्या ख्रिस्ती समाजाने पेत्राची ही मूर्ती जपली, आणि आज २९ जूनला दोष देणारा व दोष ऐकून घेणारा असे दोघे एकाच दिवशी वंदिले जातात, यात मोठे औचित्य आहे.

रोमची वाट

पेत्राच्या अखेरच्या वर्षांविषयी ग्रंथांपेक्षा परंपराच अधिक बोलते. तो रोमला गेला आणि तेथेच नीरो बादशहाच्या काळात त्याला मरण आले, अशी प्राचीन श्रद्धा आहे. इ. स. ६४ च्या जुलै महिन्यात रोमला भीषण आग लागली. नगराच्या १४ विभागांपैकी १० विभागांना तिची झळ पोहोचली. लोकांचा संशय बादशहावरच जाऊ लागला, तेव्हा नीरोने दोष ख्रिस्ती समाजावर ढकलून त्यांचा अमानुष छळ मांडला, असे रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. पेत्राचा मृत्यू या छळात, इ. स. ६४ ते ६८ या दरम्यान झाला असे मानतात.

याविषयी एक जुनी आख्यायिका आहे. अनुयायांच्या आग्रहाने पेत्र रोम सोडून निघाला. वाटेत त्याला प्रभू येशू रोमच्या दिशेने जाताना भेटला. तो कोठे निघाला आहे असे पेत्राने विचारले, तेव्हा पुन्हा एकदा क्रूसावर चढण्यासाठी आपण रोमला जात आहोत, असे उत्तर मिळाले. पेत्र समजला आणि माघारी फिरला. रोमबाहेर अॅपियन मार्गावर या भेटीचे स्मरण करून देणारे एक लहान चर्च आहे. पोलिश कादंबरीकार सिएंकिएविच याने १८९६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केलेल्या आपल्या कादंबरीत ही कथा गुंफून ती जगभर पोहोचविली. इतिहासाच्या कसोटीला ती उतरो वा न उतरो, पेत्राचा सारा स्वभाव तिच्यात उतरला आहे : भय, पळ, भेट आणि परतणे.

गुरूप्रमाणे सरळ क्रूसावर मरण्यास आपण पात्र नाही, म्हणून त्याने स्वतःला उलटे, डोके खाली करून टांगावयास सांगितले, असे परंपरा सांगते. व्हॅटिकन टेकडीवरील त्याच्या दफनस्थानी चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाइनने मोठे मंदिर बांधविले. आजच्या वास्तूचा पाया १५०६ साली घातला गेला आणि १६२६ साली तिची प्रतिष्ठापना झाली. १९४० नंतरच्या दशकात तिच्या वेदीखाली झालेल्या उत्खननात एक प्राचीन दफनभूमी उघडकीस आली.

पतितांचा प्रश्न

पेत्राच्या पतनाचे महत्त्व पुढील पिढ्यांना अधिकच पटले. इ. स. २५० च्या सुमारास सम्राट डेसियसने साम्राज्यातील सर्वांनी राज्याच्या देवतांना बली अर्पून तसे प्रमाणपत्र घ्यावे, असे फर्मान काढले. मरणाच्या भयाने असंख्य ख्रिस्ती लोकांनी बली दिले, कित्येकांनी पैसे मोजून नुसतेच प्रमाणपत्र मिळविले. छळ ओसरल्यावर हीच माणसे चर्चच्या दाराशी येऊन उभी राहिली. त्यांना आत घ्यावे की नाही? रोममधील नोव्हेशियनसारख्यांनी नको असे म्हटले. कार्थेजचा धर्माध्यक्ष सिप्रियन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २५१ मध्ये परिषद भरविली आणि अपराधाच्या मानाने प्रायश्चित्त घेतल्यावर परतीची वाट खुली असावी, असा मार्ग काढला. दार सताड उघडे टाकले नाही आणि बंदही केले नाही. हा सिप्रियन स्वतः छळाच्या वेळी लपून राहिला होता व त्यासाठी त्याला बोल लागले होते. २५८ साली पुन्हा संकट आले, तेव्हा मात्र त्याने शांतपणे तरवारीखाली मान दिली.

मराठी भाषेलाही या कथेचा स्पर्श फार पूर्वी झालेला आहे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्वीटाने मराठी ओवीत ख्रिस्तपुराण रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापून प्रसिद्ध झाले. तेव्हा गालीलच्या त्या कोळ्याची गोष्ट आपल्याकडे चारशे वर्षांहून अधिक काळ ओवीच्या चालीवर ऐकली जात आहे.

कोंबड्याची साक्ष

एक गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. पेत्राच्या तीन नकारांची हकीकत चारही शुभवर्तमानांत आलेली आहे. संप्रदायाच्या आद्य पुरुषाची नामुष्की झाकून ठेवणे अनुयायांना सहज शक्य होते. परंतु मार्कने आपले शुभवर्तमान पेत्राच्याच तोंडून ऐकलेल्या आठवणींवरून लिहिले, अशी दुसऱ्या शतकापासूनची परंपरा आहे. ती खरी मानली, तर आपल्या आयुष्यातील सर्वांत लाजिरवाणी रात्र जगाला सांगितली ती पेत्राने स्वतःच. क्षमा मिळालेल्या मनुष्याला आपला दोष लपविण्याची गरज उरत नाही. तो दोष दुसऱ्या कोणा पडलेल्याच्या उपयोगी पडावा, एवढीच त्याची इच्छा असते. भावांना स्थिर करण्याचे जे काम गुरूने त्याला नेमून दिले होते, ते त्याने असेही केले.

युरोपातील कित्येक चर्चांच्या शिखरावर वाऱ्याची दिशा दाखविणारा धातूचा कोंबडा बसविलेला असतो. तो पेत्राच्या नकाराची आठवण देतो, असे सांगतात. परंतु कोंबडा आरवतो तो रात्रीच्या अखेरीस. त्याच्या हाकेत जसा धिक्कार आहे, तसेच पहाट झाल्याचे वर्तमानही आहे. कोणत्याही मार्गाने देवाकडे निघालेल्या भाविकाच्या आयुष्यात अशी एखादी रात्र येते. घेतलेला नेम मोडतो, संकटात श्रद्धा डगमगते, चार लोकांच्या भयाने जीभ खोटे बोलते. अशा वेळी तोंड लपवून दूर जावे असे वाटते. त्याने त्या सरोवरकाठच्या पहाटेचे स्मरण करावे. शेकोटी पेटलेली आहे, भाकर तयार आहे, आणि प्रश्न एवढाच विचारला जाणार आहे की प्रेम अजून शिल्लक आहे काय. त्याला होय म्हणता आले, तर पुढचे काम वाट पाहत आहे.